जात्यातली मूठ

सुरुवात अगदी साधी आहे, पाळकसाहेब. मी पावशेर बाजरी आणायला गेलो होतो.

बसा, बसा. लाईट आठशिवाय येत नाही. चार्जिंगचा दिवा आहे, पण त्याचा उजेड डोळ्यांत जातो म्हणून खाली ठेवलाय. हन्ना आत, मागच्या अंगणात आहे. तुम्ही आलात हे मी तिला सांगितलेलं नाही. का, ते कळेलच. पंकजाचा मघाशी फोन आला, ती नगर ओलांडून पुढं आलीय. तासाभरात इथं पोचेल. त्याच्या आत मला सगळं सांगून मोकळं व्हायचंय, कारण ती आल्यावर दार उघडायचं की नाही, हे मला एकट्याला ठरवता येत नाही.

तर बाजरी. बारा दिवसांपूर्वीची गोष्ट. माझी नोकरी तुम्हाला ठाऊक आहे. शेवगावच्या बाहेर आमच्या संस्थेचं ते जुनं दगडी वसतिगृह, त्यात लोकजीवनाचं संग्रहालय. माझ्या टेबलावर 'संग्रहपाल' अशी पाटी आहे. खरं सांगायचं तर संग्रह मीच गोळा करायचा, मीच पुसायचा आणि भिंतीवर पाल दिसली तर तीही मीच हाकलायची.

त्या संध्याकाळी आमच्याकडं कार्यक्रम होता. आपल्या भागातल्या जेवणाचा सन्मान. त्यासाठी पंकजा येणार होती. टीव्हीवर तुम्ही तिला पाहिलं असेल. इथल्याच एका वाडीतली, ऊसतोडणी कामगाराची मुलगी. वसतिगृहात शिकली, मुंबईला हॉटेलात भांडी घासण्यापासून सुरुवात केली आणि आज त्याच मुंबईत हुलग्याच्या शेंगोळ्याची वाटी पुढं ठेवून भल्याभल्यांना बोटं चाटायला लावते. तिनं यायचं कबूल केलं ते एका अटीवर. आमचे सेक्रेटरी श्रीमंतराव सकाळी अकरा वाजता माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "यशया, त्या बाईंच्या आईचं जातं आपल्याकडं हाय ना? त्यांना ते आधी बघायचंय. आन् म्हणल्या, त्यातली मूठ हाये तशी राहू द्या."

"मूठ?"

"बाजरीची मूठ असंल म्हणं आत. आईनं ठेवलेली. हाय ना?"

मी म्हणालो, "हाय."

पहिलं खोटं ते. तिथून मी तडक किराणा दुकानात गेलो, पावशेर बाजरी घेतली आणि दालनात कोणी नाही असं पाहून जात्याच्या तोंडात एक मूठ सोडली. चांगली टपोरी, पिवळसर, पिशवीतली बाजरी.

आता आधीची गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल.

आठ वर्षांपूर्वी, डिसेंबरात, मी टेम्पो घेऊन त्या वाडीत गेलो होतो. जुनी भांडी, उखळं, घोंगड्या गोळा करत हिंडायचो तेव्हा. वाडी निम्मी रिकामी होती. दसरा झाला की आपल्याकडची माणसं कारखान्यांच्या मुलखाला जातात आणि घरांना कुलपं लागतात. लंकाबाईच्या, म्हणजे पंकजाच्या आईच्या, घराचं कुलूप तिच्या दिरानं, आसारामनं उघडलं. म्हणाला, "वैनी तोडीला गेलीया. जातं पडूनच हाय. न्या तुमी." वैनीला विचारलंय का, हे मी विचारलं नाही. वस्तू मिळत असली की आमच्या धंद्यातला माणूस जास्त विचारत नाही.

जात्याच्या तोंडावर फडकं बांधलं होतं. आणून सोडलं, तर आत मूठभर बाजरी. बारीक, हिरवट, गावरान. आता आमचा नियम असा, की दालनात दाणा ठेवायचा नाही. दाण्याला किडा लागतो, किड्यापाठोपाठ उंदीर येतो, आणि उंदीर आला की गोधड्यांची आशा सोडायची. म्हणून ती बाजरी मी रुमालात काढली, जातं जुन्या दातांच्या ब्रशनं घासून लख्ख केलं. पण दाणा फेकवेना. लहानपणी भाकरीचा तुकडा पायाखाली आला म्हणून आईनं पाठीत धपाटा घातला होता, तो मला अजून आठवतो. रुमालाला गाठ मारून मी ती बाजरी घरी आणली.

नाताळचा दुसरा दिवस होता. तारीख पक्की लक्षात आहे, कारण करंज्या खाऊन माझी दाढ ठणकत होती आणि मी दूधभातावर होतो. हन्नानं ती मूठभर बाजरी मिक्सरला लावली आणि तव्यावर तळहाताएवढी चानकी टाकली. पिठाच्या शेवटच्या गोळ्याची पोरांसाठी करतात ना, तेवढी. तूपगूळ लावून एकटीनंच खाल्ली. खाताना म्हणाली, "किती गोड बाजरी आहे हो. कुठल्या गावची?"

मी गाव सांगितलं, आणि विषय संपला.

लंकाबाई त्या हंगामातून परत आलीच नाही, हे मला दोनेक वर्षांनी कळलं. उसाच्या फडातून निघाली आणि वाटेत कुठं गेली, पत्ता नाही. पोलिसात तक्रार झाली, फोटो लागले. मी 'वाईट झालं' म्हणालो आणि जात्यावरची धूळ पुसली. एवढंच. माणूस किती कोडगा असतो बघा.

पंकजा साडेचारला आली. मला वाटलं होतं, मोठा लवाजमा असेल. एकटीच होती. साधी सुती साडी, हातांवर तव्याचे जुने चटके. दालनाच्या दारात तिनं चपला काढल्या. मी म्हणालो, "राहू द्या बाई, इथं चालतात." ती म्हणाली, "घरात आल्यासारखं वाटतंय काका, म्हणून."

जात्यापुढं ती मांडी घालून बसली. मोबाईलचा उजेड आत सोडला. मी मागं उभा होतो.

"आहे," ती म्हणाली आणि एकदम खांदे सैल सोडून रडायला लागली. थोड्या वेळानं पदरानं नाक पुसत पुन्हा वाकून पाहिलं. "दाणा मोठा दिसतोय."

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"ओल धरून फुगला असंल. आठ पावसाळे झाले. फुगतो ना, काका?"

पाळकसाहेब, ही बाई वासावरून गव्हाचं शिवार सांगणारी. पिशवीतली बाजरी आणि गावरान बाजरी तिला अंधारातसुद्धा ओळखू आली असती. पण तिला ती ओळखायचीच नव्हती. माझ्या तोंडाकडं तिनं ज्या आशेनं पाहिलं, त्यानं माझी जीभ उचलेना. तरी मी उचलली. "व्हय," म्हणालो, "फुगतो." दुसरं खोटं.

मी म्हणालो, "हात लावून बघा ना." तिनं मान हलवली. "नको. ज्यानं ठेवली त्यानंच काढायची असते."

सहाला कार्यक्रम सुरू झाला. अंगणात चार चुली पेटवल्या होत्या. शिपी आमटीचा वास पार डांबरी रस्त्यापर्यंत गेला होता. साठेक माणसं, पुढच्या रांगेत संस्थेची मंडळी, मागं बायाबापड्या. दालनाचं दार उघडंच ठेवलं होतं, म्हणजे खुर्चीवर बसून जातं दिसावं. पंकजानं एका हातात माईक धरला, दुसऱ्या हातानं आमटी ढवळत बोलायला लागली. लोकांना ते फार आवडलं. आधी हसवलं, मग आईवर आली.

म्हणाली, "माझ्या आईचा उजवा हात मनगटात मोडला होता. उसाची मोळी घेऊन पडली ती. बसवला, पण वाकडाच बसला. त्यामुळं ती काही पण करू द्या, दळू द्या, भाकरी थापू द्या, झाडू द्या, तीनदा करायची आणि थांबायची. हात बदलायची. हातात एकच काचेची बांगडी, ती हात बदलताना वाजायची. तीन, मग किण. तीन, मग किण. हजार बायांत मी डोळे मिटून सांगीन, माझी आई कोणती."

मग जात्याकडं बोट करून म्हणाली, "आमच्या घरातली रीत होती. तोडीला जाताना बाईनं जात्याच्या तोंडात मूठ ठेवून जायची. मागं दाणा असला की गेलेलं माणूस परत येतं. आलं की आधी तीच मूठ दळायची, तिची भाकरी करून उंबऱ्यावर ठेवायची, मग घरात बसायचं. माझ्या आईची मूठ अजून त्यात आहे. म्हणून मी अजून तिच्या नावापुढं कैलासवासी लावू देत नाही."

बायांनी पदर डोळ्यांना लावले. पुढच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "आन् मूठ दुसऱ्यानं काढली तर?"

पंकजा हसली. "तर माणूस मुठीच्या मागं जातं. मूठ जिथं जाईल तिथं. माझी आई म्हणायची, म्हणून शेजारणीला जात्याला हात लावू देऊ नये, नाहीतर नवरा तिच्या घरी जाईल."

सगळे हसले. मी हसलो नाही. मूठ कुठं गेली, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकीला ठाऊक असूनही ठाऊक नव्हतं. मूठ हन्नाच्या पोटात गेली होती.

हसू ओसरल्यावर पंकजा म्हणाली, "टोळीतल्या बाया सांगतात, नाताळच्या दुसऱ्या दिवशी आई कोयता ठेवून एकदम उठली. म्हणाली, मला कोणीतरी बोलावतंय. आणि चालायला लागली."

नाताळचा दुसरा दिवस. दाढ, दूधभात, मिक्सरचा आवाज.

आणि तेवढ्यात दालनातून दुसरा आवाज आला. घर्र… घर्र… घर्र. मग थांबला. मग अगदी बारीक, किण.

लोकांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. दोघांतिघांनी टाळ्याही वाजवल्या. पंकजाच्या हातातला डाव आमटीत तसाच राहिला. श्रीमंतराव माझ्याकडं वळून दबक्या आवाजात म्हणाले, "यशया, जात्याला कोन हात लावतंय बघा की जरा."

मी आत गेलो. जायची इच्छा नव्हती, पण सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या.

दालनात कोणी नव्हतं. खिडकीतून संध्याकाळचा पिवळा उजेड फरशीवर पडला होता. आणि वास. बाहेर आमटीचा वास होता, आत वाळलेल्या पाचटाचा होता. उसाच्या फडातून आलेल्या माणसाच्या अंगाला असतो तसा. थोडा धूर, थोडा घाम, थोडा गोडूस. जात्याचा खुंटा सकाळी मी भिंतीकडं करून ठेवला होता, तो आता दाराकडं होता. तसा तो या आठ वर्षांत कित्येकदा फिरलेला दिसायचा. मी शाळेच्या पोरांवर रागवायचो.

माझी बाजरी आत नव्हती. जात्याबाहेर, फरशीवर, नीट ढीग करून ठेवली होती. एकही दाणा इकडंतिकडं नाही. बाजारात बाई खोटं नाणं परत सरकवते ना, तशी.

मी जात्याच्या तोंडात हात घातला. दगड कोमट होता.

मग मागच्या दाराकडं पावलं वाजली. अनवाणी पावलं, जड, दमलेली. फरशीवर थप… थप… आणि मग बाहेर मातीत. मागच्या दारातून निघालेली वाट ओढ्यावरून सरळ आमच्या गल्लीत येते. तुम्हाला माहीत आहे, दहा मिनिटं लागतात.

मी हन्नाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिनं उचलला. मी म्हणालो, "हन्ना, दार लाव. कोणी आलं तरी उघडू नको." ती म्हणाली, "काय म्हणताय? ऐकू येत नाही… थांबा हं, दारात कोणीतरी आलंय." आणि फोन कट झाला.

मी घरी पळायला हवं होतं. पण माझं नशीब बघा. बाहेर सत्कार सुरू झाला होता, आणि शाल-नारळाचं तबक धरायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. "यशया, तबक! यशया, हार!" श्रीमंतरावांचं चाललेलं. मी तबक धरून उभा, नारळ तबकात थडथडतोय, आणि तीन जणांची भाषणं. शाल घेताना पंकजा माझ्याकडं वाकून हळूच म्हणाली, "आत कोण होतं, काका?"

"मांजर," मी म्हणालो.

तिनं माझा हात धरला. "मला एक वचन द्या. दर दोन-तीन दिवसांनी मी फोन करीन. तुम्ही फक्त सांगायचं, मूठ आहे म्हणून." मी मान डोलावली. तबक धरलेल्या माणसाला दुसरं काय करता येतं?

आठ वाजता घरी आलो. दार सताड उघडं. हन्ना उंबऱ्यावर पाय लांब करून बसली होती, शेजारी पाण्याचा तांब्या. एवढा जीव भांड्यात पडला माझा, की मी तिच्याशेजारीच बसलो.

"कोण आलं होतं गं?"

"कोणी नाही. एक बाई होती वाटतं. पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन आले तर दारात कोणीच नाही." तांब्याकडं बघून म्हणाली, "मग मलाच तहान लागली. मीच प्यायले."

मी तिच्या पायांकडं पाहिलं. घोट्यापर्यंत धूळ. हातांवर बारीक बारीक ओरखडे, पाचटानं कापावं तसे. म्हणालो, "कुठं गेली होतीस?"

"मी? घरातच आहे की." मग पायांवर हात फिरवत म्हणाली, "पाय मात्र लई दुखत्यात."

तुम्ही हन्नाला तीस वर्षं ओळखता. सरकारी दवाखान्यात नर्स होती ती, बोलणं इस्त्री केल्यासारखं. 'लई' म्हटलं म्हणून तिनं आमच्या मुलाचे कान उपटले होते.

बारा दिवस झाले त्याला. पहिल्या रात्री ती पलंगावरून उठून खाली जमिनीवर निजली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत डोक्याला फडकं बांधून दारात उभी, म्हणाली, गाडी आली न्हाई अजून. रविवारी मी सांगितलं तिला ताप आहे म्हणून, तुम्ही प्रार्थनेत नाव घेतलंत. ताप नव्हता, साहेब. तिच्या हातात गीतांचं पुस्तक दिलं तर तिनं ते उलटं धरलं. डॉक्टरला दाखवलं. म्हणाले, वयानं विसर पडतो. पडत असेल. पण विसरलेलं माणूस आपलं विसरतं हो. दुसऱ्याचं आठवायला लागत नाही.

आणि झाडणं. तीनदा झाडू मारते, थांबते, हात बदलते.

पंकजाचे फोन येत होते. "मूठ आहे ना, काका?" मी म्हणायचो, आहे. प्रत्येक वेळी म्हणायचो. काल संध्याकाळी फोन आला तेव्हा मी इथंच, या खुर्चीत होतो, आणि हन्ना आत ज्वारीची भाकरी थापत होती. मी 'आहे' म्हणालो, पण पलीकडून उत्तर येईना. मला वाटलं, रेंज गेली. मग ती म्हणाली, अगदी बारीक आवाजात, "काका… तुमच्याकडं भाकरी कोण थापतंय?"

मी म्हणालो, "माझी बायको."

"फोन आत न्या."

"अहो, पण…"

"काका, तुमच्या पाया पडते. फोन आत न्या."

मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि फोन पुढं धरला. थप, थप, थप. थांबली. हात बदलला. किण.

हन्नाच्या हातात बांगडी नाही, पाळकसाहेब. ड्युटीवर नको म्हणून पंचवीस वर्षांची असताना काढल्या, त्या पुन्हा कधी भरल्या नाहीत. मनगटं कायम उघडी. मी डोळे फाडून पाहत होतो. उघडीच होती.

फोनमधून पंकजाचं रडणं ऐकू येत होतं. मग तिनं एवढंच म्हटलं, "मी उद्याच निघते. तोवर तिला कुठं जाऊ देऊ नका."

तर हे असं आहे. आता तुम्हीच सांगा. दार उघडलं, तर त्या पोरीला आठ वर्षांनी तिची आई भेटेल. मीच तिच्यापासून तोडलेली. ते मला द्यायलाच हवं, हे मला कळतं. पण आई म्हणून पंकजा घेऊन जाईल ते कोणाला? ते पाय, ते हात, ते केस माझ्या हन्नाचे आहेत. बेचाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. आणि दार नाही उघडलं, तर आत जी आहे ती जाईल म्हणता? तिला जाऊ द्यायचं तर तिची मूठ तिला परत द्यावी लागेल. मूठ कुठून आणू? एका तळहाताएवढ्या चानकीची मूठ मी आठ वर्षांनी कुठून आणू?

अजून हन्ना आहे, हं. अधूनमधून आहे. आज दुपारी मी रडत होतो तेव्हा तिनं येऊन माझा चष्मा पुसून दिला. "अहो," म्हणाली, "किती घाण करता काचा." तिचाच आवाज, तिचंच बोलणं. म्हणून तुम्हाला बोलावलं. मी काय मागू प्रार्थनेत, तेच कळत नाही. एकीचं भलं मागितलं की दुसरीचा घात होतो.

थांबा. ऐका.

ऐकलंत? तीन… आता थांबेल. हां. ऐकलंत ना तुम्ही पण? बरं झालं. मला वाटत होतं, मलाच ऐकू येतं.

दुपारनंतर ती काहीच बोलली नव्हती, आणि तुम्ही यायच्या जरा आधी चूल मागायला लागली. गॅस आहे म्हटलं तर ऐकेना. मागच्या अंगणात तीन विटा मांडून पेटवून दिली, तिथंच तवा ठेवलाय. आणि पीठ विचाराल, तर तेच मला विचारायचंय तुम्हाला. त्या कार्यक्रमापासून मी घरात बाजरी येऊ दिलेली नाही. डबा मी स्वतः धुऊन पालथा घातलाय. तरी तिच्या परातीत पीठ आहे. मी जवळ जाऊन पाहिलं. हिरवट आहे, बारीक, आणि एका भाकरीपुरतंच.

गाडी थांबली का? थांबली. फाटकाची कडी वाजतेय. तुम्ही बसा, साहेब, मी उठतो… नाही, मला उठवत नाही. जरा हात द्या, दारापर्यंत.

थापणं मघाशीच थांबलं, भाकरी भाजल्याचा वास येतोय. येतेय ती. दिवा जरा वर धरा.

"हन्ना, अगं… हन्ना, पाळकसाहेब आलेत. बघ इकडं. माझ्याकडं बघ."

"दादा, उंबऱ्यावरनं जरा सरा. भाकर ठिवायची हाय."